ज्याचा घोडा जुन्नरला अडवला, त्याचं गाव

जुन्नरच्या माणसाने एकदा तरी त्वेर पाहावं, असं मला फार वर्षांपासून वाटत आलंय. शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला त्याच्या दीडेकशे वर्षं आधी आमच्या गावात एक रशियन व्यापारी ऐन पावसाळ्यात दोन महिने मुक्कामाला होता. त्याचं नाव अफानासी निकितिन. तो चौलच्या बंदरात उतरला, पालीवरून घाट चढून जुन्नरला आला. तिथे खानाने त्याचा घोडा काढून घेतला. पुढे बीदर, गुलबर्गा असं हिंडून तो दाभोळहून जहाजात बसला आणि परत निघाला. वाटेत जे दिसलं ते त्याने लिहून ठेवलं. माणसं काय नेसतात, पाऊस किती दिवस पडतो, घोड्यांना काय चारतात, असल्या साध्या गोष्टी त्यात आहेत. बहमनी काळातल्या दरबारांबद्दल आपल्याला इतरांकडून पुष्कळ कळतं. जुन्नरच्या चिखलाबद्दल सांगणारा मला हाच एक भेटला.

त्याचं गाव त्वेर. मॉस्कोहून वायव्येला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, व्होल्गेच्या काठी. माझ्या भावाची मुलगी तिथल्या वैद्यकीय विद्यापीठात शिकते. तिने 'आत्या, सुट्टीत ये' म्हटलं आणि मी निघाले.

जाण्याचं फार सांगत बसत नाही. भारतीयांना आता ई-व्हिसा मिळतो. आपली बँकेची कार्डं तिकडे चालत नाहीत, त्यामुळे डॉलर घेऊन जायचे आणि तिथे रूबल करून घ्यायचे. मॉस्कोच्या लेनिनग्राद्स्की स्टेशनवरून 'लास्तोच्का' नावाची गाडी सुटते, ती दोन तासांच्या आत त्वेरला सोडते. खिडकीबाहेर बर्चची झाडं, दलदल, पत्र्याची छपरं, पुन्हा बर्चची झाडं. समोरच्या सीटवरच्या बाईंनी पिशवीतून काकडी काढली, मिठाच्या पुडीत बुडवून खाल्ली आणि दुसरी माझ्यासमोर धरली. मी घेतली.

व्होल्गा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो पैलतीर न दिसणारा प्रचंड पसारा. त्वेरला ती तशी नाही. नदीचा उगम याच प्रांतातल्या वोल्गोवेर्खोव्ये नावाच्या खेड्यात होतो, त्यामुळे इथे ती अजून वयाने लहानच. पलीकडच्या काठावर कुणी कुत्रं फिरवत असेल तर त्या कुत्र्याचा रंग सांगता येतो. उगमापासून एकूण साडेतीन हजार किलोमीटर वाहून ती कॅस्पियन समुद्राला मिळते. शहराच्या खालच्या अंगाला 1937 साली धरण बांधून पाणी अडवलं, त्यामुळे पाण्याला ओढ अशी जाणवत नाही. शहरातच तिला दोन नद्या मिळतात, डावीकडून त्वेर्त्सा आणि उजवीकडून त्माका. उजव्या काठावर पिवळ्या, फिक्या हिरव्या, गुलाबी घरांची एकसलग रांग आहे. 1763 च्या आगीत शहर जळालं, तेव्हा सम्राज्ञी कॅथरिनने ते नव्याने आखून बांधून घेतलं. चौकातून निघालेले तीन सरळ रस्ते त्याच आखणीतले.

जून महिना होता. रात्री दहाला वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड. पॉपलरचा कापूस हवेत उडत होता, कठड्यांच्या कडेला त्याचे पांढरे पुंजके साठले होते. काठावर माणसं होती, पण गर्दी अशी कुठे नव्हती. मला नदीकाठची शहरं आवडतात ती या एका कारणासाठी. तिथे माणसाला काही न करता उभं राहायला जागा मिळते आणि कुणी हटकत नाही.

निकितिनचा पुतळा डाव्या काठावर आहे. तिथल्या रस्त्यालाही त्याचंच नाव. चौथरा होडीच्या आकाराचा, होडीच्या नाळेला घोड्याचं तोंड, आणि वर नदीकडे बघत उभा असलेला दाढीवाला निकितिन. मी आधी त्या घोड्याकडेच बघत राहिले. शिल्पकाराच्या मनात जुन्या रशियन होड्यांचा आकार असेल. माझ्या मनात मात्र जुन्नरच होतं.

खाली कोरलेला मजकूर भाचीने वाचून दाखवला. धाडसी रशियन प्रवासी अफानासी निकितिन याने 1469 ते 1472 या काळात मैत्रीपूर्ण हेतूने भारताला भेट दिली, त्याच्या स्मरणार्थ.

मैत्रीपूर्ण हेतूने. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. पुतळा 1955 चा आहे. त्या वर्षी जूनमध्ये नेहरू रशियाला गेले, वर्षअखेरीला ख्रुश्चेव्ह भारतात आले, 'हिंदी-रूसी भाई भाई'च्या घोषणा दोन्हीकडे झाल्या. दोनच वर्षांनी निकितिनवर दोन्ही देशांनी मिळून सिनेमा काढला. त्या दिवसांत कोरलेलं वाक्य आहे ते. त्यामागची भावना खोटी होती असं मी म्हणणार नाही. आमच्या आधीच्या पिढीने रशियन पुस्तकं मराठीत वाचली, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहताना पाहिला, ती माणसं या मैत्रीबद्दल मनापासून बोलायची. पण निकितिन मैत्री करायला निघाला नव्हता. तो माल विकायला निघाला होता, आणि तोही भारतात नव्हे.

त्याचं काय झालं ते त्यानेच लिहिलंय. व्होल्गेने खाली शिर्वानकडे, म्हणजे आजच्या अझरबैजानकडे, व्यापाराला जायचं ठरलं होतं. शिर्वानच्या शहाचा राजदूत मॉस्कोहून ससाणे घेऊन परत निघाला होता, त्याच्या सोबतीने गेलं तर सुरक्षित, असा हिशेब. अस्त्राखानजवळ तातारांनी गाठलं आणि लुटलं. पुढे कॅस्पियनमध्ये वादळात एक नाव फुटली. सगळे रडत रडत देर्बेंटला पोचले. शहाकडे मदत मागितली, त्याने दिली नाही. मग माणसं पांगली. ज्यांचं रशियात काही होतं ते परत गेले. जो कर्जात होता तो डोळे नेतील तिकडे गेला, असं तो लिहितो. स्वतः निकितिन बाकूकडे गेला, जिथे आग अखंड जळते, आणि तिथून इराण, होर्मुझ, आणि समुद्र ओलांडून चौल.

कर्ज अंगावर असताना रिकाम्या हाताने घरी जाता येत नाही. ही गोष्ट आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. गावात तोंड दाखवायला नको म्हणून मुंबई गाठलेली माणसं जुन्नर तालुक्यात घरोघर आहेत. निकितिनने होर्मुझमध्ये ऐकलं असणार की हिंदुस्थानात घोडे निपजत नाहीत, तिथे अरबी घोड्याला चांगला भाव येतो. त्याने एक घोडा घेतला. जुन्नरला आणेपर्यंत तो शंभर रूबलला पडला, असं त्याने लिहिलंय. एवढा पैसा एका जनावरात घालून, अनोळखी समुद्र ओलांडून, तो आमच्या घाटाच्या पायथ्याशी आला.

चौलला उतरल्यावर त्याला पहिलं काय दिसलं, तर माणसं उघडी फिरतात, डोक्यावर काही नाही, केसांची एक वेणी घातलेली. आणि आपण जिथे जावं तिथे लोकांची झुंबड मागे येते, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल. चौलहून पालीला आठ दिवस लागले. जुन्नरला पोचेपर्यंत पाऊस लागला होता. या ऋतूला तो हिवाळाच म्हणतो, कारण त्याच्या देशात ज्या ऋतूत माणूस दार लावून बसतो तो हिवाळा. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. त्याच दिवसांत इथले लोक नांगरतात आणि पेरतात, हेही त्याने टिपलंय. घोड्यांना हरभरे चारतात आणि साखर घालून खिचडी शिजवून देतात. धर्मशाळांमधून आल्यागेल्या परदेशी व्यापाऱ्यांसाठी तिथल्या बायका स्वयंपाक करतात, अंथरुणं घालतात. गाव एका खडकावर आहे, तो खडक कुणी घडवलेला नाही, देवाने घडवलेला आहे, वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी उठून गच्चीत गेले होते. तिथून शिवनेरी दिसतो.

मग घोड्याचं प्रकरण. जुन्नरच्या असदखानाला कळलं की हा मुसलमान नाही, रूसी आहे. त्याने घोडा काढून घेतला आणि निरोप धाडला: आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो आणि वर हजार सुवर्णनाणी देतो. नाही आलास तर घोडा गेला आणि दंड म्हणून हजार नाणी तुलाच भरावी लागतील. मुदत चार दिवसांची. एवढ्या सगळ्या आपत्तीतून तरलेला माणूस, जवळ फक्त तो घोडा. मुदत संपत आली असताना खुरासानचा एक माणूस, ख्वाजा महंमद, गावात आला. निकितिनने त्याचे पाय धरले. तो खानाकडे गेला, रदबदली केली, आणि घोडा सोडवून आणला. निकितिनने याला देवाचा चमत्कार म्हटलंय. मला त्यात ख्वाजा महंमद दिसतो. एका परक्या मुलखात दुसऱ्या परक्या माणसासाठी, त्याचा धर्म वेगळा आहे हे नीट माहीत असताना, खानासमोर जाऊन शब्द टाकणारा माणूस.

पुतळ्याजवळ कठड्यापाशी घडीच्या स्टुलावर एक आजोबा गळ टाकून बसले होते. प्लास्टिकच्या बादलीत बोटाएवढे मासे. भाचीने नमस्कार केला आणि सांगितलं की ही माझी आत्या, ज्या गावात निकितिनचा घोडा अडवला त्या गावची. मला वाटलं नुसतं हसून सोडून देतील. त्यांनी गळ काठाला अडकवून ठेवला आणि माझ्याकडे वळून बसले. घोड्याची गोष्ट त्यांना पूर्ण ठाऊक होती, शाळेत शिकले होते. गावाचं नाव मात्र पहिल्यांदा ऐकत होते. ते दोनदा म्हणून बघितलं. मग विचारायला लागले. अजून चार महिने पाऊस पडतो का? घोडे आता मिळतात का? तो खडक आहे का जागेवर? मी मोबाइलवर शिवनेरीचा फोटो दाखवला. चश्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि वाट कुठून आहे ते विचारलं. मी बोटाने दाखवलं. 'दोन माणसं शेजारून?' असं त्यांनी भाचीला विचारलं. आता पायऱ्या रुंद केल्यात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना थोडं बरं वाटलं नाही, असं मला दिसलं.

निकितिनच्या लिखाणाची सुरुवात त्वेरच्या सोनेरी कळसाच्या तारणहाराच्या मंदिरापासून होते. तिथून त्याची कृपा घेऊन, राजा मिखाईल बोरिसोविच आणि धर्मगुरू गेन्नादी यांचा निरोप घेऊन तो निघाला. ते मंदिर आज नाही. सतराव्या शतकात त्या जागी नवं बांधलं, ते 1935 साली सुरुंग लावून पाडलं. आता तिथे पुन्हा नवीन मंदिर उभं राहिलंय, भिंती अजून कोऱ्या करकरीत. आत एक बाई मेणबत्तीचं ओघळलेलं मेण सुरीने खरवडत होती. मी तिथे थोडी थांबले. वास्तू जुनी असण्याचा मला आग्रह नाही. निघणाऱ्याने कुठूनतरी नमस्कार करून निघायचं असतं, ती जागा पुन्हा केली हे मला बरं वाटलं.

शेजारीच प्रवासी राजवाडा आहे. मॉस्को आणि पीटर्सबर्गच्या मधल्या वाटेवर राजघराण्याने विश्रांती घ्यावी म्हणून 1760 च्या दशकात बांधलेला. आता तिथे चित्रसंग्रहालय आहे, वेनेत्सियानोव्हची शेतकरी माणसांची शांत चित्रं त्यात आहेत. पण मला सांगायचंय ते वेगळं. 1811 च्या मार्चमध्ये याच वाड्यात इतिहासकार करमझिनने आपल्या रशियाच्या इतिहासातले भाग झार अलेक्झांडरला वाचून दाखवले. त्याच करमझिनला पुढे एका मठाच्या ग्रंथसंग्रहात निकितिनच्या लिखाणाची प्रत सापडली. त्याने जगाला सांगितलं की वास्को द गामा भारताच्या वाटेचा विचारच करत होता तेव्हा आमचा त्वेरचा माणूस तिथे व्यापार करत होता. साडेतीनशे वर्षं जवळपास विस्मृतीत गेलेला माणूस, आणि त्याला वर काढणारा याच गावात, त्याच्या देवळाला लागून असलेल्या दालनात येऊन गेलेला. त्या पायऱ्या उतरताना अंगावर काटा आला होता.

त्वेर्त्सा जिथे व्होल्गेला मिळते तिथे पूर्वी ओत्रोच नावाचा मठ होता. झार इव्हान द टेरिबलला तोंडावर बोल लावणारा धर्मगुरू फिलिप याला तिथेच कोंडलं होतं आणि 1569 मध्ये तिथेच मारलं. मठाच्या जागी 1938 साली नदीवाहतुकीचं स्टेशन बांधलं, मनोरा आणि खांबांची इमारत. 2017 साली तिचा मधला भाग कोसळला. मठातलं एक छोटं चर्च तेवढं बाजूला उभं आहे. या शहराकडे बघताना हे सारखं जाणवतं. इथे एकावर एक थर नाहीत, एकाच्या जागी दुसरं आहे. 1931 ते 1990 गावाचं नावसुद्धा कालिनिन होतं.

त्माकेच्या मुखाशी उंच विजयस्तंभ आहे. 1941 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन फौजांनी शहर घेतलं आणि 16 डिसेंबरला सोव्हिएत फौजांनी ते परत सोडवलं. तिथे अखंड ज्योत आहे, माणसं फुलं ठेवून जातात. आणि त्याच रस्त्याने परत येताना बसथांब्याच्या काचेवर सैन्यभरतीची जाहिरात होती, पगाराचे आकडे ठळक अक्षरांत. भाची नजर खाली घालून पुढे गेली. तिच्या वयाची, तिच्यापेक्षा लहान मुलं त्या आकड्यांकडे बघून गेली असणार. त्या संध्याकाळी मला नदीकाठी जावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीने विचारलं, तुला मिल बघायच्या का? पर्यटक जात नाहीत तिकडे, पण तुला आवडेल. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, हे तिला घरातून माहीत होतं.

मोरोझोव्ह घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्वेरमध्ये कापडगिरणी काढली आणि कामगारांसाठी तिच्याभोवती सबंध वसाहत बांधली. लाल विटांच्या चार-पाच मजली इमारती, शाळा, दवाखाना, नाटकघर. एका इमारतीला लोक 'पॅरिस' म्हणतात, तिचे बुरूज आणि नक्षीची वीट बघून नाव पडलं. जिन्याला झिजलेल्या पायऱ्या. मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकेक खोलीची दारं, आणि टोकाला सामाईक स्वयंपाकघर. खोल्या बोळात उघडतात, चपला दाराबाहेर, एका दारातून रेडिओ. मी तिथे उभी राहिले आणि लालबागची चाळ समोर आली. आजोबांच्या खोलीत नऊ माणसं राहायची आणि गॅलरीत गावाकडचे पाहुणे झोपायचे. गिरण्या गेल्या, इकडेही आणि तिकडेही. अर्ध्या खिडक्या फळ्यांनी बंद केलेल्या, काही खोल्यांत अजून माणसं राहतात. एका खिडकीत कांद्याची पात लावलेली होती, दह्याच्या कापलेल्या डब्यात. लालबागच्या जागी टॉवर आले, इथे टॉवर आले नाहीत. विटा कोसळतील तेवढ्या कोसळू दिल्यात. यातलं बरं काय, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मध्यवर्ती बाजारात भाचीचा एक ठरलेला भाजीवाला आहे. बाकूकडचा माणूस, दात सोन्याचे. ती पहिल्या वर्षाला होती तेव्हा हिवाळ्यात कोथिंबीर शोधत त्याच्याकडे गेली, रशियन येत नव्हतं, हातवाऱ्यांनी विचारलं. तेव्हापासून भारतीय मुलांसाठी तो कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या बाजूला काढून ठेवतो. परीक्षेच्या दिवसांत पैसे नंतर दिले तरी चालतात. या विद्यापीठात भारतीय मुलं पुष्कळ आहेत, त्यांत मराठीही. मूळ संस्था लेनिनग्राडची, 1954 साली इथे हलवली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होतात आणि पलीकडच्या शेगडीवर कुणाचं बीटचं सूप असतं. मुलांना हिवाळा जड जातो, सूर्य दुपारी साडेतीन-चारला मावळतो. घरचे कर्ज काढून पाठवतात, परत आल्यावर भारतातली परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. भाची हे सगळं हसत सांगते. पण रात्री तिचा अभ्यासाचा दिवा मालवायचं नाव घेत नाही.

भाजीवाल्याने मला 'मामा?', म्हणजे आई का, असं काहीसं विचारलं, नात्याचा उलगडा झाल्यावर त्याने चेरीचा एक खोका उचलून पिशवीत ओतला आणि पैसे घेतले नाहीत. निकितिनला शिर्वानच्या शहाने हात हलवत परत पाठवलं होतं. त्या मुलखातल्या भाजीवाल्याने आम्हाला असं पाठवलं नाही.

निकितिनच्या लिखाणात बीदरचा एक परिच्छेद आहे. तो मला सगळ्यात जवळचा. बीदरला त्याने घोडा विकला. मग हिंदू लोकांशी त्याची ओळख वाढली. इतके दिवस तो ख्वाजा युसूफ खुरासानी या नावाने वावरत होता, जीव सांभाळण्यासाठी. त्या हिंदूंना त्याने खरं सांगितलं: मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफानासी. आणि त्यानंतर ते माझ्यापासून काही लपवेनात, तो लिहितो. जेवण, व्यवहार, पूजा, घरच्या बायका, काहीच नाही. त्यांच्यासोबत तो श्रीशैलच्या यात्रेला गेला. घरापासून हजारो मैल दूर, घोडा विकलेला, धर्माची पुस्तकं लुटीत गेलेली. त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, याचा हिशेब सुटला म्हणून तो पुन्हा पुन्हा कळवळतो. त्या माणसाने आपलं खरं नाव कुणाला सांगितलं, तर आपल्या माणसांना.

मैत्री असलीच तर ती इथे आहे. हेतूत ती नव्हती. पोटासाठी आणि कर्जासाठी निघालेला माणूस, त्याला अंथरूण घालणाऱ्या जुन्नरच्या बायका, खानाकडे जाणारा ख्वाजा महंमद, आणि देव दाखवायला सोबत नेणारे बीदरचे लोक. पुतळ्याखाली एवढं सगळं कोरता आलं नसतं, हे मला समजतं. तरीही ते वाक्य वाचून जाणाऱ्यांना खरी गोष्ट कळायला हवी. ती कोरलेल्या वाक्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

तो घरी पोचला नाही. दाभोळ, होर्मुझ, इराण, तुर्कांचा मुलूख, काळा समुद्र असं करत तो रशियाच्या वेशीपर्यंत आला आणि स्मोलेन्स्कला पोचायच्या आत वारला. त्याच्या हातची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन राजाच्या कारभाऱ्याकडे दिली, ती 1475 ची नोंद. दहा वर्षांनी, 1485 मध्ये, मॉस्कोने त्वेरचं राज्यच घेतलं. ज्या राजाचा निरोप घेऊन तो निघाला त्याचं काही उरलं नाही. वहीत एका ठिकाणी, परक्या भाषेत, म्हणजे आपल्या लोकांना सहज वाचता येऊ नये अशा बेताने, त्याने एक प्रार्थना लिहिलीय. देवा, रूसच्या भूमीचं रक्षण कर. जगात तिच्यासारखी भूमी नाही. पण तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत. बसथांब्यावरच्या त्या जाहिरातीनंतर ही प्रार्थना मी पुन्हा काढून वाचली.

रेवदंड्याला शाळेच्या आवारात निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे, तो मी पाहिलाय. जुन्नरला माझ्या पाहण्यात तरी काही नाही. परत आल्यावर गावातल्या एका जाणत्या गृहस्थांकडे गेले आणि म्हटलं, किल्ल्याच्या पायथ्याशी एक साधी पाटी लावूया. खर्च मी करते. पाटीवर पावसाळ्यातले दोन महिने लिहायचे, धर्मशाळेतल्या बायका लिहायच्या, ख्वाजा महंमदाचं नाव लिहायचं, आणि घोडा परत मिळाला हे लिहायचंच. मजकूर मराठीत आणि रशियनमध्ये, रशियन भाची लिहून देईल. त्यांनी कागद वाचला, चश्मा काढला आणि विचारलं, 'ताई, आधी मला सांगा, हा माणूस मुळात इतक्या लांब आलाच का?' मी खुर्ची पुढे ओढली आणि अस्त्राखानच्या लुटीपासून सांगायला सुरुवात केली.